दोन ते चारचा पहारा

वाशीमहून हिंगोलीकडे जाताना पैनगंगेवरचा पूल कधी आला आणि कधी गेला हे कळतही नाही. फाल्गुनात पात्रात पाण्यापेक्षा दगड जास्त. पूल संपतो तिथे वऱ्हाड संपतं, मराठवाडा सुरू होतो आणि थोड्याच वेळात एसटी कनेरगाव नाक्यावर उभी राहते. चहाची हॉटेलं, कृषी सेवा केंद्रं, टायरवाले, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, आणि आता अकोल्याहून हिंगोली-नांदेडमार्गे थेट तेलंगणातल्या संगारेड्डीला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरचे ट्रक. इथे काही अडवलं जात असेल असं आज कुणाच्या मनातही येणार नाही.

पण अडवलं जात होतं. १८५३च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं, १९०२मध्ये ते कायमच्या पट्ट्याने गेलं, आणि या भागात एक साधी शीव दोन राज्यांची सरहद्द झाली. वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार रुपया चाले, निजामाकडे हाली. सहा कलदारांना सुमारे सात हाली असा भाव. माल न्यायचा तर करोडगिरी भरायची, म्हणजे निजामाची जकात. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६मध्ये वऱ्हाड आणि मराठवाडा एका राज्यात आले, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. हॉटेलात माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या वडिलांनी म्हणे मिठाची गोणी घेऊन नाका चुकवण्यासाठी रात्री नदीतून वाट काढली होती. आजोबांनी हे इतक्या अभिमानाने सांगितलं, की त्या मिठाची चव अजून त्यांच्या जिभेवर असावी.

मी आलो होतो तारेच्या मागावर. खेड्यात तंतुवाद्य कोण वाजवतं, कुणाबरोबर वाजवतं आणि का, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. शहरात तंतुवाद्य म्हटलं की सतार, सरोद, व्हायोलिन. एक कलावंत मध्ये बसतो, बाकीचे त्याला साथ करतात, आपण समोर बसून मान डोलावतो. खेड्यात असा मधला माणूस मला फारसा दिसला नव्हता. माझा वसतिगृहातला एक जुना मित्र नाक्याजवळच्या एका गावचा. त्याचा फोन आला, ‘‘सप्ताह बसतोय. तुला तार पाहायची ना? सात दिवस तार बंद होत नसते आमच्याकडं. ये.’’ एवढ्या निमंत्रणावर मी निघालो.

पहिली तार मात्र नाक्यावरच भेटली. जीप भरायची वाट पाहत तीन गोंधळी बसले होते. एकाच्या मांडीवर कापडात बांधलेलं संबळ, दुसऱ्याच्या पिशवीतून तुणतुण्याची काठी बाहेर आलेली. लग्नानंतरच्या गोंधळाला सेनगावच्या बाजूला कुठेतरी निघाले होते. कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, खिशात मोबाइल. माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी या दोन देवींच्या नावाने चालणारा हा व्यवसाय मराठवाड्यात अजून चालतो, कारण ज्या घरांत गोंधळाचा कुळाचार आहे तिथे गोंधळ घातल्याशिवाय लग्न पुरं झालं असं कुणी मानत नाही.

मी तुणतुणं पाहायला मागितलं. लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला ताणलेलं कातडं, त्या कातड्याच्या मधोमध अडकवलेली तार वर काठीच्या खुंटीला गेलेली. लाकडाच्या छोट्या तुकड्याने तार छेडली की कातडंही हलतं आणि दोघांचा मिळून तो नाकातला, टणत्कार करणारा सूर निघतो. वाद्यांची वर्गवारी करणाऱ्या अभ्यासकांना हे वाद्य नेहमी पेचात पाडतं. तार आहे म्हणून तंतुवाद्य म्हणावं, तर अर्धा आवाज कातड्याचा. गोंधळ्यांच्या चौंडक्याची तऱ्हाही तीच. त्या तिघांना या पेचाशी काही देणंघेणं नव्हतं.

‘‘तुणतुणं कोण वाजवतं तुमच्यात? ज्याचा हात चांगला तो?’’ मी विचारलं.

‘‘हाताचं काय हो त्यात? एकच तर सूर,’’ नाईक म्हणाला. ‘‘ज्याला बोलता येतंय त्याच्याकडं देतो आम्ही.’’

हे मला नवं नव्हतं, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. गोंधळात नाईक कथा लावतो आणि तुणतुणेवाला त्याला अडवतो. मध्येच प्रश्न विचारतो, भलतंच उत्तर देतो, पाहुण्यांतल्या एखाद्या मामाची टोपी उडवतो, आणि नाईकाचा आवाज चढला की झील धरतो. हाताला काम थोडं म्हणून तोंड मोकळं. तुणतुणं अवघड असतं तर आख्यानातला अर्धा विनोद बंद पडला असता. तमाशातही तीच गोष्ट. ढोलकीवाल्याला टाळ्या मिळतात, तुणतुणेवाला मागे उभा राहून सगळ्यांचा सूर सांभाळतो आणि वर बतावणीत भाग घेतो. ‘आपलंच तुणतुणं वाजवू नको’ असं आपण एखाद्याला झापतो, पण ते सतत वाजत राहिलं नाही तर बाकीच्यांनी गावं कशावर?

जीप आली. मागच्या सीटवर चौघांच्या जागेत सहा जण बसले आणि संबळ टपावर न ठेवता मांडीवरच गेलं. मी दुसऱ्या जीपने मित्राच्या गावाकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही कडांना पळस पेटलेले. शेतांतून वाफ निघत होती. हिंगोली जिल्ह्यात हे हळदीचे दिवस. काढलेली हळद मोठाल्या टाक्यांत शिजते, मग अंगणात, रस्त्याकडेला, शाळेच्या पटांगणात, जिथे सपाट जागा मिळेल तिथे वाळत पडते. गावात शिरताना तो मातकट, कडवट वास आधी भेटला आणि मागाहून देवळावरच्या कर्ण्यातून आलेला टाळांचा आवाज.

मारुतीच्या देवळापुढे मांडव होता. मांडवात त्या वेळी कीर्तन नव्हतं की प्रवचन नव्हतं. दुपारची उन्हं, पंगत उठलेली, बायका भांडी घासत होत्या, दोन-तीन म्हातारे खांबाला टेकून पेंगत होते. आणि देवासमोर एक माणूस गळ्यात वीणा अडकवून उभा होता. त्याच्या बाजूला दोघं टाळ घेऊन. तिघं मिळून हळू आवाजात ‘रामकृष्णहरी’ म्हणत पावलं पुढे-मागे टाकत होते. ऐकणारं कुणीही नव्हतं. पेंगणाऱ्यांना श्रोते म्हणायचं तर म्हणा.

अखंड हरिनाम सप्ताह महाराष्ट्राला नवा नाही. गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागीर महाराजांच्या सप्ताहाची परंपरा दीडशेहून जास्त वर्षांची आहे आणि त्याला लाखोंनी माणसं येतात. पण गावोगावचा सप्ताह आपापल्या ऐपतीचा असतो. पहाटे काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. ही सगळी माळ ज्या दोऱ्यात ओवलेली, तो दोरा म्हणजे वीणा. सप्ताह बसताना तिची पूजा होते, ती एकाच्या गळ्यात जाते आणि काला होईपर्यंत जमिनीला टेकत नाही. ज्ञानेश्वरी वाचून मिटता येते, कीर्तनकार पुढच्या गावाला जातो, मृदंगावर गवसणी घालता येते. वीणेला तेवढी सवड नाही.

दोन तासांचा एक पहारा. दिवसाचे बारा, सात दिवसांचे चौऱ्याऐंशी. प्रत्येक पहाऱ्याला एक विणेकरी आणि निदान दोन टाळकरी. देवळाच्या भिंतीवर एका मोठ्या कागदावर जाड मार्करने चौकोन आखून ही यादी लावली होती. मित्राने मला देवाच्या आधी ती दाखवली.

‘‘हा खरा सप्ताह,’’ तो म्हणाला. ‘‘महाराज तर पैसे दिले की येतात.’’

चार वाजायला आले तसा पुढचा विणेकरी आला. पाय धुऊन, टोपी सारखी करून समोर उभा राहिला. आता अदलाबदल कशी होते ते मी नीट पाहिलं. देणाऱ्याचा उजवा हात तारेवर चालूच. घेणाऱ्याने खाली वाकून पट्टा आपल्या मानेत घेतला. क्षणभर एकच वीणा दोघांच्या गळ्यात होती. घेणाऱ्याचं बोट तारेवर पडलं, मग देणाऱ्याने आपलं काढलं आणि मान सोडवून घेतली. दोघं एकमेकांच्या पाया पडले. घेणारा वयाने बराच लहान, तरी थोरल्याने धाकट्याच्या पायाला हात लावला. तार मध्ये कुठे थांबली नाही.

ही वीणा मंडळाने पंढरपुरात आषाढीला घेतलेली. खाली भोपळा, वर लांब दांडी, खुंट्या, मोकळ्या तारा. पेटीच्या सुराला एकदा जुळवली की पडदे दाबण्याची गरज नाही, बोट तारांवरून फिरत राहिलं म्हणजे झालं. भोपळ्याची वाद्यं म्हटली की आधी मिरज आठवतं. तिथल्या सतारमेकरांचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो तानपुरा बैठकीत गवयाच्या मागे बसतो, ही वीणा माणसाच्या गळ्यात उभी राहते. दोघांचं काम एकच, सूर न सोडण्याचं. फरक इतकाच, की तानपुरा गवयासाठी वाजतो आणि वीणा येईल त्याच्यासाठी.

मंडळातली माणसं संध्याकाळी हरिपाठानंतर ओट्यावर जमली. निवृत्त झालेले एक गुरुजी, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री, किराणा दुकानवाले शेठ, एसटीत चालक असलेले एक भाऊ आणि हळदीचा शेतकरी असलेला माझा मित्र. गुरुजी सोडले तर बाकीचे एकाच शाळेत एकाच वर्गात होते, आणि गुरुजी त्यांना शिकवायला होते. दर गुरुवारी रात्री जेवणं झाली की हे सगळे देवळात बसतात. गाणारा खरा एकच, मिस्त्री. त्यांचा आवाज ट्रॅक्टरच्या आवाजात वाढलेला, त्यामुळे माइकची गरज नाही. शेठ पेटी धरतात, भाऊ मृदंग, गुरुजी टाळ. वीणा ज्याच्या वाट्याला येईल त्याच्याकडे.

‘‘इतकी वर्षं सोबत बसताय, भांडणं झाली नाहीत?’’ मी विचारलं.

शेठ हसले. ‘‘धुऱ्यावरून झाले, बँकेच्या जामिनावरून झाले, निवडणुकीत तर दोन वर्षं बोलणं बंद होतं ह्या दोघांचं. पण गुरुवारी यावंच लागायचं. न बोलता यायचे.’’

‘‘न बोलता भजन कसं करायचे?’’

‘‘भजनात बोलायचं कुठं असतंय?’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘अहो, आमच्यात गाणारा मी एकटा. बाकीचे धरून ठेवणारे. म्या गाणं सोडलं तरी चालतंय, ह्यांनी धरणं सोडलं तर बसायचं कुणासंगं?’’

हे ऐकताना मला एकदम दूरची एक गोष्ट आठवली आणि मी ती त्यांना सांगितली. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात फिडल, बँजो, गिटार घेऊन बसणाऱ्या जुन्या वळणाच्या मंडळ्या असतात. तिथे कुणी मध्ये बसत नाही. खुर्च्या गोल मांडतात, एक चाल धरतात आणि सगळे मिळून तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवतात. एकाने पुढे येऊन कसब दाखवायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं, असं नाही. २००५ साली नॉर्थ कॅरोलायनात रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तीन तरुण कृष्णवर्णीय वादक जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या फिडलवाल्याकडे जाऊ लागले. थॉम्पसन तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत पोचलेलं, पण काळ्या वादकांची ही परंपरा जवळजवळ विसरली गेली होती. ती तिघांनी थॉम्पसनकडे बसून, बरोबर वाजवून उचलली. पुढे ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या नावाने त्यांनी केलेल्या तबकडीला २०११मध्ये ग्रॅमी मिळालं.

‘‘कोणत्या वारी बसायचे?’’ गुरुजींनी विचारलं.

‘‘गुरुवारी रात्री.’’

ओट्यावर एकदम समाधान पसरलं. ग्रॅमीचं कुणाला काही वाटलं नाही, पण गुरुवार सगळ्यांना पटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र आणि मी नर्सीला गेलो. हिंगोलीपर्यंत रस्ता आणि रूळ जवळपास सोबतीने जातात. आज इथे मोठ्या गाड्या धावतात. २००८पर्यंत पूर्णा-अकोला ही मीटरगेज लाइन होती आणि तिच्यावरून काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस जायची. मित्राच्या आठवणीत त्या गाडीने अजमेरला जाणारे कव्वाल आहेत, नाक्याच्या स्टेशनात गाडी थांबली की खिडकीतून चहा घेणारे. हिंगोलीचं स्टेशन अजूनही ‘हिंगोली डेक्कन’ या नावाने ओळखलं जातं.

कयाधू नदीच्या काठचं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. परंपरेने जन्म १२७०चा, देह ठेवला १३५०मध्ये पंढरपूरला, विठ्ठलाच्या महाद्वाराच्या पायरीशी. मधल्या काळात हा माणूस कीर्तन करत पंजाबात गेला, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिला. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. घुमानला २०१५मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याऐंशीवं साहित्य संमेलन झालं तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत हे गाव खूप गाजलं. पण नर्सीच्या माणसांना ते आधीपासून ठाऊक होतं, कारण पंजाबातले शीख भाविक इथे येत असतात. आम्ही गेलो तेव्हाही निळ्या पगड्यांतलं एक कुटुंब ओसरीवर बसून शिदोरी सोडत होतं. त्यातल्या आजींनी आम्हाला परोठा दिला, मित्राने त्यांना पिशवीतले बुंदीचे लाडू दिले. एवढा संवाद पुरला.

नामदेवांची चित्रं पाहा, हातात वीणा असते, टाळ असतो. त्यांच्याभोवतीचा मेळा पाहा. गोरोबा कुंभार, सावता माळी, चोखोबा, नरहरी सोनार, सेना न्हावी, घरात जनाबाई. धंदा प्रत्येकाचा वेगळा, जात वेगळी, बोलणं वेगळं. औंढ्याच्या नागनाथाची ती कथा हिंगोलीत शेंबडं पोरही सांगतं. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. औंढ्याला नंदी मागच्या बाजूला आहे तो त्यामुळेच, असं सांगतात. कथा खरी-खोटी बाजूला ठेवू. पण मागे हाकललेला माणूस एकटा नव्हता, टाळकरी सोबत होते, आणि कीर्तन चालू राहिलं हे तिच्यात गृहीत धरलेलं आहे.

नामदेव पंजाबात गेले त्यानंतर शतकाहून जास्त काळाने नानकदेव फिरतीला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर मरदाना होता. जन्माने मुसलमान, हातात रबाब. जनमसाखीतल्या गोष्टींत हा मरदाना भुकेने कळवळतो, घरच्या आठवणीने रडतो, आणि नानकांनी सांगितलं की रबाब छेडतो. म्हणजे शीख कीर्तनाची सुरुवातच एका माणसाच्या शब्दांनी आणि त्याच्या सोबत्याच्या तारेने झाली. पुढे पेटी आली आणि रबाब, सारंदा मागे पडले. अलीकडे तिकडे गुरुद्वारांतून तंतुवाद्यं परत आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत. आपल्याकडच्या भजनातही पेटीने बरंच काही गिळलं. वीणा मात्र राहिली, कारण ती संगीताच्या भरवशावर कधी नव्हतीच. तिला पहाऱ्याची यादी सांभाळत होती.

संध्याकाळी परत आलो तर गावात दुसरीच तार वाजत होती. गुरुजींचा नातू आणि त्याचे दोस्त चावडीपुढे बँजो तपासत होते. हा बँजो अमेरिकेतला नव्हे. लांबट पेटी, वर तारा, आणि टंकलेखन यंत्रासारखी गोल बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्याने तार छेडायची. मूळ वाद्य जपानी. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२च्या सुमारास ताईशोगोतो नावाने ते तयार केलं. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्रात त्याला वीज जोडून बँजो. रवी जाधव यांचा २०१६चा ‘बँजो’ चित्रपट मुंबईतल्या अशाच पोरांचा होता. मुंबई-कोकणात गणपतीला, इकडे लग्नाच्या वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत, बँजो पार्टी म्हणजे एका गाडीवर चढलेलं दोस्तांचं टोळकं. एक बँजो, एक कीबोर्ड, ढोलक, ताशा, ड्रम आणि कर्णे.

नातू मुख्य बँजोवाला. दिवसा हिंगोलीला आयटीआयमध्ये जातो. तारा पिळून घेताना त्याने मला हिशेब समजावला. लग्नसराईत तारखा लागतात, बाकी वर्ष कोरडं. डीजे आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्या, आता आवाजाचे नियम कडक झाले की पुन्हा फोन येतात. पैसे सगळ्यांत सारखे वाटतात, फक्त गाडीवाल्याचे आधी काढतात. कुणी सोडून गेला तर नवीन शिकवायला वर्ष जातं.

‘‘आणि वीणा?’’ मी विचारलं. ‘‘ती घेतोस का कधी?’’

‘‘घेतो ना. आज दोन ते चार माझाच पहारा आहे, टाळावर. बँजोत चुकलो तर सगळ्या वरातीला कळतंय, काका. वीण्यात चुकताच येत नाही.’’

मला हवं होतं ते उत्तर या पोराने दिलं. बँजो शिकायला वर्ष लागतं, म्हणून बँजो पार्टीतून एक गेला की पार्टी लंगडी होते. वीणा पाच मिनिटांत हातात बसते, म्हणून मंडळातून कितीही गेले तरी चौऱ्याऐंशी चौकोन भरता येतात. आपण वाद्याची थोरवी ते किती अवघड आहे यावर मोजतो. पण माणसं वर्षानुवर्षं एकत्र ठेवायची असतील तर वाद्य सोपं लागतं. इतकं सोपं, की त्यात कुणी थोर होऊ शकत नाही आणि कुणी बाहेरही पडत नाही. कॅरोलायनातल्या त्या गोल खुर्च्यांत फिडल सोपं नसतं, पण तीच चाल शंभरदा वाजवून ते तिथेच पोचतात. आपल्याकडे वाद्यातच ती सोय करून ठेवलेली.

सोय म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. रात्री कीर्तन संपल्यावर मी यादी पुन्हा वाचली. काही नावांपुढे कंसात ‘चाकण’, ‘पुणे’, ‘छ. संभाजीनगर’ असं लिहिलेलं. कंपन्यांत कामाला गेलेली पोरं. त्यातला एक चाकणहून रात्रभर प्रवास करून आपल्या पहाऱ्याला आला होता आणि दुपारी परत गेला. नाव लावलं की यायचं, नाही तर आपल्या जागी माणूस उभा करून द्यायचा, हा एकच नियम. दंड नाही. पण ज्याचा चौकोन रिकामा राहील त्याच्या वाटचे दोन तास आधीचा विणेकरी उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी गावभर त्या उभ्या राहिलेल्याच्या पायांची चौकशी होते. ती टाळण्यासाठी माणसं चाकणहून येतात.

त्या रात्री दोन ते चारच्या विणेकऱ्याला ताप भरला. भाऊंनी मला हलवून उठवलं. ‘‘उठा पाहुणे. पाय धुवा.’’

पट्टा मानेत आला तेव्हा वीणेचं वजन जाणवलं, पण ते खांद्याला, हाताला नाही. बोट तारेवरून फिरवायचं, पावलं टाकायची, नाम घ्यायचं. नातू आणि त्याचा एक दोस्त टाळावर. पहिला काही वेळ मी सूर ऐकत होतो, तारा थोड्या उतरल्यात का, षड्ज नीट लागलाय का. मग ते सुटलं. मग झोप आली. झोप येण्याची वेळ बरोबर ठरलेली असते, नातू नंतर म्हणाला, तीनच्या थोडं आधी. तेव्हा दोघं टाळकरी जवळ सरकले आणि लय थोडी वाढवली. मी पडू नये म्हणून. माझं बोट चालत राहिलं ते माझ्या जोरावर नाही. तोवर मला वाटत होतं, की वीणा टाळकऱ्यांना धरून ठेवते. टाळकरी वीणेला धरून होते.

चारला काकड्याची माणसं आली. मिस्त्रींनी माझ्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतली आणि सर्वांदेखत माझ्या पायाला हात लावला. मी घाईघाईने त्यांच्या पाया पडलो.

निघताना गुरुजी वही घेऊन ओट्यावर बसले होते. पुढच्या वर्षीची कच्ची यादी काला होण्याआधीच सुरू होते.

‘‘पुढच्या साली नाव लावू ना तुमचं?’’

‘‘लावा. पण दिवसाचा पहारा द्या गुरुजी.’’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहीत राहिले. ‘‘दिवसाचे समदे भरले. दिवसाला काय, कोणीबी तयार असतंय.’’